सतरा घरांचा दगडू

१

एकच गोष्ट दोनदा करायची म्हटली की समीक्षाच्या कपाळावर आठी पडायची. शाळेत बाईंनी 'मी वर्गात बडबड करणार नाही' असं शंभर वेळा लिहायला सांगितलं होतं, तेव्हा या बयेने दोन पेनं रबरबँडने बांधली आणि पन्नास वेळांतच काम उरकलं. बाईंनी त्याबद्दल वेगळी शिक्षा केली, ते सोडा. अशी मुलगी पुढे प्रोग्रामर झाली यात नवल ते काय!

ती कोपरला आईजवळ राहायची. ठाण्यात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी बहिणीच्या सासऱ्यांची फर्माईश पुरवायची. सासरे म्हणजे देवराम अण्णा, वर्तकनगरच्या मधुकुंज सोसायटीचे सेक्रेटरी. पाच मजले, साठ घरं, आणि साठही घरांवर अण्णांचं बारीक लक्ष.

"शेजारच्यांनी ॲप केलंय," अण्णा जूनमध्ये म्हणाले. "आपण काय अजून वहीच उराशी धरून बसायचं? तू घरचीच आहेस, कर बघू."

घरची म्हटल्यावर नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? समीक्षा बसली करायला.

आता तिचं काम काय असतं, ते थोडक्यात सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माहिती राहते तक्त्यांत. घरांचा एक तक्ता, माणसांचा दुसरा आणि कोणता माणूस कुठल्या घरचा हे सांगणारा तिसरा. डब्यातल्या जेवणासारखं: पोळी एका कप्प्यात, भाजी दुसऱ्यात. पण प्रोग्रामला डबे नको असतात, त्याला वाढलेलं ताट लागतं. एक अख्खं घर, माणसांसकट. 'तुझी माणसं कोण?' विचारलं की धडाधड नावं सांगणारं. डब्यांतून काढून ताट वाढायचं काम मधला एक थर करतो. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, समीक्षा त्याला सरळ वाढपी म्हणायची. वाढपी डब्यात असेल तेवढंच वाढतो, मनाचं घालत नाही. आणि त्याची एक सवय लक्षात ठेवा. एकाच ओळीतला माणूस दहा घरांनी मागितला, तर तो दहा माणसं बनवत बसत नाही. तोच एक माणूस दहाही घरांना दाखवतो.

२

अण्णांनी वही पाठवली. हिरव्या पुठ्ठ्याची, सुवाच्य अक्षरातली. समीक्षाने वाचायला घेतली आणि सातव्या पानावर थांबून फोन लावला.

"अण्णा, हा दगडू कोण? एकशे दोनमध्ये आहे, तीनशे तीनमध्ये आहे, तुमच्या घरातपण आहे. सतरा घरांत आहे हा माणूस!"

पलीकडे अण्णा मनापासून हसले. "अगं, ती सतरा घरं तीन-तीन माणसांची आहेत. तीन कधी लिहू नये. माझी आई तीन भाकऱ्या ताटात वाढायची नाही, चौथीचा तुकडा ठेवायची. तिघं कुठे शुभकामाला निघाले तर चौथा म्हणून खिशात खडा घ्यायचे. तुम्ही आजकालची मुलं, तुम्हाला काय!"

"म्हणून तुम्ही खड्याला नाव दिलंत?"

"नुसता खडा लिहिला असता तर तू वेडा म्हातारा म्हणाली असतीस. आणि नाव चांगलं आहे. ज्यांची मुलं जगायची नाहीत ते मुद्दाम असं नाव ठेवायचे. म्हणजे कुणाची नजर जात नाही."

हे शेवटचं वाक्य बोलताना अण्णांचा आवाज जरा खाली आला. कारण ठाऊक होतं. सोनलच्या, म्हणजे समीक्षाच्या थोरल्या बहिणीच्या, लग्नाला आठ वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. आता तिसऱ्यांदा पाचवा महिना लागत होता आणि घरात कुणी मोठ्याने शिंकतही नव्हतं.

तेव्हा समीक्षाने वाद घातला नाही. फक्त आपल्या स्वभावाला जागली. सतरा वेळा 'दगडू' कोण टाईप करणार? तिने माणसांच्या तक्त्यात दगडूची एकच ओळ घातली: नाव तेवढं, बाकी सगळे रकाने कोरे. आणि ती एक ओळ सतराही घरांना जोडून दिली. वर एक नियमही लिहिला: घरात खरा चौथा माणूस आला की दगडूने आपण होऊन निघून जायचं.

"झालं की नाही पाच मिनिटांत!" ती आईला म्हणाली. आई म्हणाली, "हो गं बाई, हुशार तू."

३

ॲप झकास चाललं. गेटवरचा साईनाथ मोबाईलवर नोंदी करायला शिकला, पार्किंगची भांडणं आता ॲपवर व्हायला लागली, आणि अण्णा मात्र गुपचूप वहीच वापरत राहिले.

गणपती झाल्यावर एका शनिवारी समीक्षा सहज तपासणी करत होती. तीनशे चार नंबरचं, म्हणजे अण्णांचंच घर मागवलं. वाढप्याने वाढलं: अण्णा, त्यांचा मुलगा दिपेश, सून सोनल, दगडू. सगळं ठीक. मग तिची नजर शेवटच्या ओळीवर थबकली.

दगडूला जन्मतारीख आली होती. चौदा नोव्हेंबर. याच वर्षाची, म्हणजे अजून उजाडायची होती.

समीक्षा खुर्चीत सरळ बसली. पुढची तारीख फॉर्म घेतच नाही, तो अडथळा तिनेच घातला होता. तिने करून पाहिलं: लाल अक्षरांत 'तारीख चुकली आहे' आलं. मग ही आत शिरली कशी? बदल कुणी केला ते पाहायला गेली तर नोंद नाही.

तिने अण्णांना फोन केला.

"मी?" अण्णा म्हणाले. "मला ते उघडताच येत नाही गं. दिपेशला सांगू नकोस."

"सोनलताईची तारीख कुठली दिलीये डॉक्टरांनी?"

"वीस नोव्हेंबर. का गं?"

"नाही, सहजच."

वीस. चौदा नव्हे. समीक्षाला एवढं हायसं वाटलं की तिचं तिलाच हसू आलं. कुठला तरी बग असणार, दुसरं काय! तिने रकाना कोरा केला, जतन केला आणि चहा टाकायला उठली. परत येऊन पाहते तर चौदा नोव्हेंबर.

सोमवारी आणखी एक गोष्ट दिसली. तिसऱ्या तक्त्यात नात्याचा रकाना होता. सतराही घरांसमोर दगडूचं नातं कोरं होतं. आता एकशे दोनसमोर शब्द आला होता: मुलगा. मंगळवारी तीनशे तीनसमोर आला. मग रोज एक घर. वरून खाली, शांतपणे, रांगेत उभं राहिल्यासारखं.

४

ऑक्टोबरात एका दुपारी ती वर्तकनगरला गेली, सोनलसाठी डिंकाचे लाडू घेऊन. कोपरचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं.

गेटवर साईनाथने तिला थांबवलं. तोंडभर हसत होता.

"मॅडम, सोसायटीत लय आनंद आहे ना?"

"का रे?"

"पाळणे येतायत ना! या महिन्यात अकरा आले गेटवर. काल तर एकाच टेम्पोतून तीन उतरवले. मी दिपेशदादांना बोललो पण, एवढे लोकं एकदम कसे काय? मला तर फक्त तीनशे चारच्या वहिनी पोटुशी दिसतात."

"अरे, सेल असेल कुठेतरी," समीक्षा म्हणाली.

"असंल, असंल," साईनाथ म्हणाला. त्यालाही ते पटलं.

जिना चढताना समीक्षा विचार करत होती. अकरा पाळणे. झोपाळ्याला लोक पाळणा म्हणतात, साईनाथचा घोळ झाला असेल. गॅलरीतले झोपाळे आणतात लोक दिवाळीच्या आधी, बरोबर. पहिल्या मजल्यावर एकशे दोनच्या दाराआडून कसला तरी लयीत आवाज येत होता. लाकूड कुरकुरत होतं. झोपाळाच, तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर दोनशे सातमधून तसाच आवाज आला. दोन्हींचा ताल एक होता. ती पायरीवर थांबून ऐकत राहिली, आणि ताल जराही चुकत नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर सोनलच्या समोरच्या तीनशे तीनचं दार उघडं होतं. एमा आंटी दारातच खुर्ची टाकून विणत बसली होती. नवरा फिलिप अंकल, कॉलेजला जाणारी मुलगी निकोल आणि ती, असं तिघांचं कुटुंब. बाई दिलदार, वसईकडची, जिभेला हाड नाही आणि मनात काही नाही.

"ये गो ये!" तिने पिवळे मोजे उंच धरून दाखवले. माझ्या अंगठ्याएवढे तर होते ते, समीक्षाने नंतर आईला सांगितलं. "बघ, बरे झालेत ना?"

"मस्त झालेत, आंटी. सोनलताईला आवडतील."

एमा आंटीने भुवया वर केल्या. "सोनलला दुसरे देईन गो. हे आमचे."

"तुमचे म्हणजे?"

"आमचे म्हणजे आमचे," ती हसत म्हणाली आणि पुन्हा टाके मोजायला लागली.

५

आता समीक्षा काही घाबरट मुलगी नव्हती. तिने ठरवलं, ही कटकटच नको. ओळच उडवून टाकायची. तीन माणसांची घरं तीन माणसांची राहू देत, अण्णांना काय कळतंय!

शुक्रवारची दुपार, घरून काम. आई आत वामकुक्षी घेत होती, खाली भंगारवाल्याची हाळी चाललेली. तिने माणसांचा तक्ता उघडला, दगडूची ओळ निवडली. पडद्यावर विचारणा आली: या ओळीला सतरा घरं जोडलेली आहेत, सगळे धागे तोडायचे का? तिने 'हो' दाबलं.

मिनिटभरात फोन वाजला. दिपेश होता, आणि त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"समी, सोनलच्या पोटात एकदम दुखायला लागलंय. रक्त जातंय गं. मी गाडी काढतोय. तू थेट हॉस्पिटलला ये, आईंना काही सांगू नकोस."

फोन बंद झाला. दोनदा गेलेत. हे तिसरं. याचा त्याच्याशी काय संबंध, ती स्वतःला बजावत होती, याचा त्याच्याशी काही म्हणता काही संबंध नाही. आणि बजावता बजावता तिची बोटं सकाळची जपून ठेवलेली प्रत शोधत होती. सापडली. ओळ परत घातली. सतरा धागे परत जोडले. आयुष्यात पहिल्यांदा तिने एकच काम दोनदा केलं आणि कुरकुर केली नाही.

फोन वाजला. या वेळी सोनलच होती, धापा टाकत, रडत, हसत.

"थांबलं गं. जिन्यापर्यंतपण गेलो नाही. एकदम थांबलं. आत लाथ मारली बघ त्याने आत्ता!"

मागून दिपेश म्हणत होता, "काय योगायोग बघ, समोर एमा आंटीपण ओरडत होत्या, पोटात कळ आली म्हणून. खाली एकशे दोनच्या काकू पण. पाण्यात काही आलं असेल का?"

संध्याकाळी डॉक्टरांनी तपासलं. बाळ ठणठणीत.

खरा प्रोग्रामर असता तर त्याने पुन्हा एकदा ओळ उडवून पाहिली असती. एकदा झालं त्याला योगायोग म्हणता येतं, दुसऱ्यांदा झालं की उत्तर मिळतं. समीक्षाने लॅपटॉप मिटला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. तिला उत्तर नको होतं. तिला भाचरू हवं होतं.

६

बाळ आलं चौदा नोव्हेंबरला. सहा दिवस आधी, सकाळी नऊ वाजता, अगदी विनासायास. मुलगा. पावणेतीन किलो, डोकंभर जावळ.

काय तो आनंद! अण्णांनी सोसायटीच्या फळ्यावर स्वतः रंगीत खडूने 'शुभ वार्ता' लिहिलं. दिपेशने हॉस्पिटलातल्या लिफ्टवाल्यालासुद्धा पेढा भरवला. समीक्षाने बाळाला हातात घेतलं. तिने त्याची बोटं मोजली, कान पाहिले, डोळ्यांत डोकावली. साधं, गोड, चुरगळलेलं बाळ होतं. तिला आपलीच लाज वाटली. एवढ्याशा जिवाकडे आपण कसल्या नजरेने बघतोय!

चौथ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आली. मालिशीला हौसाबाई यायला लागल्या. सत्तरीच्या, मनगटं लोखंडी, आणि अर्ध्या वर्तकनगरला त्यांनी न्हाऊ घातलेलं. आठव्या दिवशी त्या समीक्षाला म्हणाल्या, "पोरी, हे लेकरू भायेर कुठं जेवून येतंय काय गं?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुझी बहीण म्हणते, पितच नाय. तोंड लावतो न् झोपतो. आणि वजन बघ, रोज हाताला जड लागतंय. माझ्या जन्मात असं पोर नाय बघितलं." आणि त्या खदखदा हसल्या, बाळाच्या पोटावर तेल थापटत. बाळही हसल्यासारखं झालं.

७

बारसं बाराव्या दिवशी. सकाळपासून घर कसं भरून गेलेलं! दारात रांगोळी, पाळण्याला झेंडू, स्वयंपाकघरात घुगऱ्यांचं मोठं पातेलं. पुरुषमंडळींना खाली ऑफिसात बसवून दिलं होतं. दिपेशची चुलतबहीण करिश्मा कल्याणहून आत्या म्हणून आली होती आणि पैठणी सावरत सगळ्यांना हुकूम सोडत होती.

"अगं, बाळाचं नाव ॲपमध्ये घाल ना," अण्णा खाली जाता जाता म्हणाले. "चौथा माणूस आला आपल्या घरात. आता त्या खड्याला सुट्टी दे."

समीक्षाने लॅपटॉप आणला होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, घुगऱ्यांच्या वाफेत, तिने नवीन माणूस लिहायला घेतला. घर तीनशे चार. नातं, मुलगा. जन्मतारीख, चौदा नोव्हेंबर. जतन करा.

'ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे.'

तिने घर मागवून पाहिलं. अण्णा, दिपेश, सोनल, दगडू. चारच. खरा चौथा आला की दगडूने जायचं, हा नियम तिनेच लिहिला होता. दगडू गेला नव्हता. नियमाच्या लेखी कुणी नवीन आलंच नव्हतं.

बाहेर बायकांनी सुरू केलं. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.' पाळण्याच्या खालून वरून बाळ फिरत होतं, बांगड्या वाजत होत्या. करिश्मा नाव सांगायला वाकली. नाव घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं, फक्त तिला आणि समीक्षाला ठाऊक होतं: आर्यन. करिश्मा कानाशी कुर्र करतेय तेवढ्यात समीक्षाने काय केलं, तर दगडूच्या ओळीतलं नाव खोडून आर्यन लिहिलं. का केलं ते तिला सांगता आलं नसतं. बाळाला दगडू म्हणवेना, एवढंच.

बाहेर अजून कुणी नाव मोठ्याने घेतलंही नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या डक्टमधून, वरच्या मजल्यावरून, एका बाईचा लाडिक आवाज खाली आला.

"आर्यन! अरे लबाडा, उठलास होय?"

मग खालून दुसरा आवाज. "आलास का रे आर्यन?" मग आणखी एक.

समीक्षाने गॅस बंद केला. गॅस मुळात बंदच होता.

"समीक्षा, खुर्च्या आण गं समोरून!" करिश्मा ओरडली. "चार कमी पडतायत."

ती पॅसेज ओलांडून तीनशे तीनमध्ये गेली. दार लोटलेलं होतं. आत पडदे ओढलेले, बाहेर लख्ख ऊन असूनही खोलीत दुधाळ उजेड, आणि बेबी पावडरचा वास. एमा आंटी सोफ्यावर टेकली होती. तिच्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधलेली होती आणि दोरीच्या टोकाला पाळणा हलत होता.

पाळण्याच्या कडेवरून एक इवलासा पाय बाहेर आला. पिवळा मोजा अर्धा निसटलेला. घोट्याला काळा दोरा आणि त्यात एक लाल मणी.

तो दोरा हौसाबाईंनी आज सकाळी समीक्षाच्या देखत ओवला होता. मणी एकच सापडला म्हणून कुरकुरल्या होत्या.

समीक्षाने मान वळवली. दोन्ही दारं उघडी होती, पॅसेजपलीकडे स्वतःच्या घरात सोनल पाटावर बसलेली सरळ दिसत होती, मांडीवर बाळ, बाळाचा पाय बाहेर. काळा दोरा. लाल मणी. बाळाने पाय झाडला. इकडे पाळण्यात पाय झाडला गेला, आणि मोजा जमिनीवर पडला.

"हळू गो," एमा आंटी कुजबुजली, "आत्ताच डोळा लागलाय."

निकोलची जुनी बाहुली असेल. असतात हल्ली खऱ्यासारख्या. समीक्षा चार खुर्च्या उचलून बाहेर आली. पाळण्यात वाकून पाहिलं असतं तर कळलं असतं, पण तिने पाहिलं नाही.

८

जेवणं झाली, बायका पांगल्या. करिश्मा कल्याणला परतली. दुपारचे तीन वाजले होते. सोनल बाळाला घेऊन आतल्या खोलीत पलंगावर बसली होती, आणि समीक्षा तिच्यासमोर.

"ताई, तुला एक सांगायचंय."

"मला माहितीये," सोनल म्हणाली.

"काय माहितीये?"

"दुपारी तो हलका होतो. मांडीवर असतो, दिसतो, पण नुसतं दुपटं ठेवल्यासारखा. आणि मग जिन्यात सगळीकडून पाळण्यांचे आवाज येतात." तिने बाळाच्या जावळावरून बोट फिरवलं. "त्या दिवशी दुखलं तेव्हा तू काहीतरी केलंस ना? आणि मग परत काहीतरी केलंस."

समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सगळं सांगून टाकलं. वही, एक ओळ, सतरा घरं, आपला आळस.

सोनल ओरडली नाही. "दोन गेले समी. हा राहिला. कसा राहिला ते मी विचारत नाही."

"मी बाकीची सोळा घरं तोडते. एक-एक करून, हळू."

"आणि तो गेला तर?"

समीक्षाने डोळे पुसले.

"तोडू नकोस काही," सोनल म्हणाली. "एवढंच कर. तुझा तो वाढपी वाढायला लागतो ना, तेव्हा आधी मला वाढू दे. माझं घर पहिलं लाव. बाकीच्यांना उरलेलं."

एवढंच ना? क्रम लावायचा होता फक्त. समीक्षाने लॅपटॉप उघडला, तिसऱ्या तक्त्यात तीनशे चारसमोर एक आकडा घातला, बाकी सोळांना मागे ढकललं, जतन केलं.

आर्यनने डोळे उघडले. तोंडाचा चंबू केला आणि असं काही भोकाड पसरलं की स्वयंपाकघरातली भांडी थरथरली. "अगं बाई, जड झाला! किती जड झाला!" सोनल हसत-रडत म्हणाली. तिने त्याला छातीशी घेतलं आणि तो पहिल्यांदा चुटूचुटू, हावरटासारखा प्यायला लागला. समीक्षाही रडत होती. एवढं आनंदाचं रडू तिला जन्मात आलं नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं, की इमारत गप्प झालीये. लाकडाची ती कुरकुर, जी इतके दिवस भिंतींतून येत होती आणि जिची कानांना सवय झाली होती, ती थांबली होती. वरची, खालची, समोरची, सगळी एकदम.

थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली. वरून उतरणारी, खालून चढणारी. घाई नव्हती कुणाला. बेल वाजली.

समीक्षाने दार उघडलं. पॅसेजभर बायका उभ्या होत्या, बारशाच्याच साड्यांत, केसांतले गजरे अजून ताजे. कुणाच्या हातात बोंडलं, कुणाच्या हातात दुधाची बाटली, कुणाकडे घडी घातलेलं झबलं. मोजायची गरज नव्हती. सगळ्यात पुढे एमा आंटी होती, रोजच्यासारखी हसत, फक्त हसताना तिचे ओठ थरथरत होते.

"झोपेतून उठवायला गेले गो," ती म्हणाली. "पाळण्यात नुसतं दुपटं."

"आमच्याकडे पण," मागून एकशे दोनच्या काकू म्हणाल्या, अगदी हळू.

"आम्ही काय भांडायला नाय आलो," एमा आंटी चपला काढून आत येत म्हणाली. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. दिवाणखान्यात सकाळच्याच खुर्च्यांवर त्या एकेक करून बसल्या, पदर सावरून, पाय जुळवून. आतल्या खोलीला आतून कडी लागल्याचा आवाज आला, तशी सगळ्यांनी एकदम तिकडे पाहिलं, आणि मग समीक्षाकडे.

"तू घाबरू नको बाय," एमा आंटीने तिचा हात धरून तिला आपल्याजवळ बसवलं. "लॅपटॉप घे मांडीवर. आमचं घर कितव्या नंबरला टाकलंस, तेवढं दाखव."